मागच्या कोपऱ्याची उंची

माझ्या जुन्या कामांच्या गुंडाळ्यांमध्ये आरे कॉलनीतल्या एका पाड्याचा नकाशा आहे, २०१३ सालचा. जागेची मोजणी करताना दिसेल ते टिपून ठेवायचं असतं, तसं मी टिपलंय. जुनं जोतं, दोन आंबे, एक उंबर, पाण्याची टाकी, उताराची दिशा. उंबराच्या बुंध्याशी एक छोटा चौकोन काढलाय आणि त्याच्यापुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘दगड. हलवता येईल.’

तो वाघोबा होता.

मी आर्किटेक्ट आहे. राहते मुलुंडला, काम केलं ते बहुतेक उपनगरांत. सोसायट्या, शाळांची दुरुस्ती, दोन दवाखाने. पाड्यावरची ती इमारत म्हणजे माझ्या कामांतलं सगळ्यांत लहान काम, आणि सगळ्यांत जास्त वर्षं मनात राहिलेलं. वस्तीसाठी, गावासाठी सगळ्यांनी मिळून वापरायची वास्तू कशी असावी, याबद्दल माझी ठाम मतं होती. ती मी सभांमधून मांडली होती, विद्यार्थ्यांना शिकवली होती. आज त्यांतलं जवळजवळ एकही माझ्याकडे उरलेलं नाही. ज्यांना मी ते शिकवलं, त्यांच्यापर्यंत हेही पोचायला हवं, म्हणून लिहिते आहे.

मुंबईत राहून आरेबद्दल फक्त बातम्यांतून ऐकलेल्यांसाठी थोडं सांगते. आरे दूध वसाहत १९४९ साली उभी राहिली. शहरातले म्हशींचे गोठे एका जागी आणायचे, ही दारा खुरोडींची कल्पना. सुमारे ३,१६० एकर जमीन दुग्धव्यवसाय विकास खात्याकडे आली. पण ती जमीन रिकामी नव्हती. तिच्यावर वारल्यांचे, मल्हार कोळ्यांचे, कोकण्यांचे पाडे होते. आजही सत्तावीस पाडे मोजले जातात. पश्चिम द्रुतगती महामार्गावरून रिक्षा आत वळली की पाऊण तासात तुम्ही अशा ठिकाणी उभे असता, जिथे कुडाच्या भिंती आहेत, परसात वेलींचे मांडव आहेत, आणि संध्याकाळी माणसं कोंबड्या मोजून झाकतात. मान वर केली की गोरेगावचे टॉवर दिसतात. मुंबईतलं गाव म्हटलं की आपण गावठाणं, कोळीवाडे धरतो. पाडे कुणी धरत नाही. मीही धरले नव्हते.

माझ्या डोक्यातलं सभागृह कुठून आलं होतं, ते आता मला नीट कळतं. मी मुलुंडची. महाराष्ट्र सेवा संघात वडिलांचं बोट धरून व्याख्यानांना गेलेली. मामाचं घर पार्ल्यात, म्हणून लोकमान्य सेवा संघाचं टिळक मंदिर ही दुसरी शाळाच. १९२३ पासून चालत आलेली ती संस्था. एकाच आवारात ग्रंथालय, सभागृह, मुलांचे वर्ग, कुणाची तरी मुंज, संध्याकाळी गाणं. घडीच्या खुर्च्या भिंतीशी लावून ठेवायच्या आणि त्या-त्या दिवशी मांडायच्या. ‘बहुउद्देशीय’ या शब्दाचा अर्थ माझ्यासाठी हाच होता. एक मोठी रिकामी खोली, जिच्यात आज लग्न आणि उद्या शिबिर. जितकी रिकामी तितकी उपयोगी. आजही टिळक मंदिराबद्दल माझ्या मनात प्रेमच आहे. पण ज्या समाजाकडे घड्याळ, वर्गणी, कार्यकारिणी आणि पगारी शिपाई आहे, त्या समाजाची ती वास्तू. ती तशीच्या तशी उचलून मी डोंगराच्या उतारावर नेऊन ठेवली.

पैसे एका विश्वस्त निधीतून आले होते. परवानगीला चौदा महिने लागले, कारण तिथे नवं काही बांधायलाच मनाई. शेवटी एका पडक्या शेडची दुरुस्ती म्हणून ते काम मंजूर झालं. जुनं जोतं तेहतीस फूट लांब, बावीस फूट रुंद होतं. मी त्यावर तीस बाय वीसची खोली बसवली. लोखंडी खांब, विटांच्या भिंती, वर पत्रा, खाली चकचकीत लाद्या, एका टोकाला नऊ इंचांचं व्यासपीठ, पुढे मोठं शटर. बाहेरून ‘इथलं’ दिसावं म्हणून दर्शनी भिंतीवर गेरूचा हात आणि त्यावर पांढरी वारली चित्रं. ती काढली कला महाविद्यालयाच्या मुलांनी, दोन रविवारी, पुस्तकात बघून. पाड्यातल्या बायका बाजूला उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्यापैकी कुणाला हातात काडी देऊन ‘तुम्ही काढता का’ असं मी विचारलं नाही. पुढे एका लग्नात मला आत बसायला मिळालं, तेव्हा पाहिलं की चौक म्हणजे काय असतो. सवाशिणी आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने तो लिहितात, मधोमध पालघट देवी, आणि धवलेरी गाण्याने तो जागा करते. तो त्या घराचा, त्या लग्नाचा असतो. आपल्या भिंतीवर तो शोभेला काढून घेतला, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि घरी येईपर्यंत मी कुणाशी बोलले नाही.

दगड मात्र हलला नाही. बांधकामाच्या मुकादमाने नकाशा पाहिला, उंबराकडे पाहिलं आणि मला एवढंच म्हणाला, ‘मॅडम, याला हात लावणार नाही. वाघबारशीला इथे पूजा होते.’ तो स्वतः पालघरकडचा होता. त्याच्यामुळे मी एका मोठ्या अपराधातून वाचले. बिबट्या ज्या रानात रोज फिरतो, तिथल्या माणसांनी त्याच्याशी केलेला करार म्हणजे तो दगड आहे, हे मला मोजपट्टी धरून कळणार नव्हतं.

उद्घाटन छान झालं. त्यानंतर दोन वर्षं ती वास्तू बहुतेक बंदच होती.

कारणं एकेक करून सांगते, कारण ती सगळी नकाशावर दिसत होती आणि मला दिसली नाहीत. शटरला एक कुलूप, त्याची एक किल्ली. ती ज्या माणसाकडे ठेवली तो मालाडला एका सोसायटीत वॉचमन होता, बारा तासांची पाळी. बालवाडीची वेळ सकाळी दहाची, तेव्हा तो ड्यूटीवर किंवा झोपलेला. मग बाई मुलांना घेऊन आंब्याखाली बसायची, आणि आम्ही बालवाडीसाठीच बांधलेली खोली तिच्या पाठीशी बंद. बचत गटाची मोठी पातेली आणि डेगी ठेवायला जागा नव्हती, कारण ‘रिकामी खोली’ हीच माझी कल्पना. सामान आत ठेवलं की ते प्रत्येक कार्यक्रमाला बाहेर काढायचं, म्हणून ते कुणाच्या तरी पडवीतच राहिलं. आरोग्य शिबिर झालं एकदा, ऑगस्टमध्ये. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून छाती ऐकू येईना. त्यांनी पोरांना शेजारच्या कौलारू पडवीत नेऊन तपासलं. तारपा? तारपा वाजवणारा मध्ये उभा राहतो, एकमेकांच्या कमरेला धरून माणसं त्याच्याभोवती फिरतात, आणि तो फेर माणसं येतील तसा वाढतो, उलगडतो, पुन्हा गुंडाळतो. त्याला भिंत चालत नाही. वीस फुटांत तो बसवायचा विचार मी केला होता, हे कबूल करताना मला आजही त्रास होतो.

आणि झाडं. मी इमारतीभोवती हौसेने बांबू आणि मेंदीचं कुंपण लावलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर गेले तर ते सपाट कापलेलं. मला फार लागलं. ‘हिरवळीची एवढीही कदर नाही’ असं मी परतीच्या रिक्षात सोबतच्या सहकाऱ्याला म्हणाले. खरं कारण एका वनरक्षकाने सांगितलं, तेही ओघात. बिबट्याला दडायला जागा लागते. इमारतीला खेटून दाट झुडूप म्हणजे संध्याकाळी शौचाला निघालेल्या पोरीच्या वाटेवर दडण नेऊन ठेवणं. वनविभागाने २०११ मध्ये अभ्यासक आणि नागरिकांना सोबत घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला, तेव्हापासून हेच सांगितलं जातंय: उघडा कचरा नको, कारण कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या, उजेड हवा, वाटेकडेला झाडोरा कापलेला हवा. पाड्यातल्या बायकांना हे कुठल्या उपक्रमाने शिकवावं लागलं नव्हतं. त्यांनी कोयता घेतला आणि माझं लँडस्केप दुरुस्त केलं.

त्या दोन वर्षांत माझं मत काय होतं? तेही लिहायला हवं. माझं मत होतं की लोकांना वापरायची सवय नाही. सवय लागेल. एक समन्वयक नेमला, वेळापत्रक लावलं की होईल. खेडोपाडी समाजमंदिरं पाहिली होती मी, गावाबाहेर, जाळीच्या खिडक्यांची, आत सिमेंटच्या गोणी आणि कुणाची तरी मोटारसायकल. त्यांना मी नावं ठेवायचे, की ठेकेदाराने एकच नकाशा सगळीकडे छापलाय. माझा नकाशा वेगळा होता, सुंदर होता. पण आत शिरण्याची युक्ती तीच होती: चार भिंती, एक दार, एक किल्ली.

जुलै २०१५ मधला एक दिवस. पत्रा गळतो असा निरोप आला म्हणून सकाळी लवकर गेले. साडेसहा वाजले असतील. झड इतकी होती की छत्रीचा उपयोग नव्हता, म्हणून पत्र्याच्या वळचणीला इमारतीच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले. जमीन मागे उतरते. पुढून जे जोतं दीड फूट आहे, ते मागच्या कोपऱ्यात सव्वाचार फूट उंच होतं. खोली जोत्यापेक्षा लहान बांधल्याने भिंतीबाहेर जुन्या जोत्याची दीड फुटाची पट्टी तिथे उरली होती. ती मी काढलेली नव्हती. नकाशात ती नुसती उरलेली जागा होती.

एक बाई वरच्या वाटेने आली. डोक्यावर रानभाज्यांची पाटी. टाकळा, कुर्डू, वर फोडशीच्या जुड्या, पानाने झाकलेलं आणखी काही. तिने कोपऱ्याशी येऊन गुडघे जरासे वाकवले आणि पाटी सरळ त्या पट्टीवर सरकवली. कुणाची मदत नाही. चुंबळ सोडून पुन्हा घट्ट वळली, पदर पिळला, चप्पल काढून त्यातला खडा झटकला. मग पाठ फिरवून मान पाटीखाली आणली, दोन्ही हातांनी कड धरली आणि उठली. पंधरा-वीस किलोचं वजन, आणि ते पुन्हा डोक्यावर घ्यायला दुसरं माणूस लागलं नाही. ती गेली. तिच्यामागे दुसरी आली. मग दोघी मिळून आल्या, एकीबरोबर लहान मूल होतं. तिने आधी मुलाला पट्टीवर बसवलं, मग पाटी. तासाभरात अकरा जणी त्या कोपऱ्यापाशी थांबल्या. गोरेगाव आणि बोरिवली स्टेशनबाहेर पावसाळ्यात आपण ज्यांच्याकडून शेवळं घेतो, काकडं आहेत का म्हणून विचारतो, त्या बायका. तो सिमेंटचा काठ त्यांच्या अंगाने, पाट्यांच्या बुडाने गुळगुळीत झाला होता. इमारतीत दुसरं काहीही इतकं वापरलेलं नव्हतं.

एक म्हातारी थोडा वेळ टेकली, तिला मी विचारलं, ‘आजी, इथे रोज थांबता?’

‘थांबावं लागतं ना बाय,’ ती म्हणाली. ‘खाली ठेवली तर उचलून द्यायला मानूस लागतो. इथं कुनाला हाक मारायला लागत नाय.’

माझ्या बोलण्यातून तिला कळलं असावं की ही इमारत माझी. ती भिंतीवर हात ठेवून म्हणाली, ‘हा कोपरा चांगला बांधलास.’

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतं.

इथे माझं मत बदललं, असं लिहायला सोपं पडलं असतं. तसं झालं नाही. मी आधी दुसऱ्याच टोकाला गेले. मला वाटलं, चूक सिमेंट-पत्र्याची आहे. पुढल्या वर्षी बोरिवलीच्या बाजूला, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला असलेल्या एका पाड्यासाठी काम करायची संधी आली, तेव्हा मी पूर्ण मातीचा आराखडा केला. मेढी, कारवीचा कूड, शेणामातीचं लिंपण, गवताचं छप्पर, सारवलेली जमीन. मॉडेल सुंदर झालं. मला खात्री होती की आता मी त्यांच्या बाजूची आहे.

सभेत एक मुलगी होती, विशीतली, नर्सिंगचं शिकणारी. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘ताई, तुमच्या घराच्या भिंती कशाच्या आहेत?’

मी म्हटलं, विटांच्या.

‘आमच्या घरावर पक्कं छप्पर घालू देत नाहीत. दर वर्षी मे महिन्यात शाकारणी आम्ही हौसेने करत नाही. सगळ्यांची म्हणून एक इमारत होणार, तीही तुम्ही कुडाचीच देणार?’

सभेत कुणी तिला गप्प केलं नाही. मीही तिला उत्तर देऊ शकले नाही, कारण तिचं बरोबर होतं. मातीचं घर थंड असतं, कारवीच्या कुडातून हवा खेळते, हे सगळं खरं आहे आणि ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण सारवायला दर पंधरवड्याला कुणाचे तरी हात लागतात, आणि सार्वजनिक जागेत ते हात बायकांचेच असणार. गवत दर वर्षी कापून आणावं लागतं. कारवी तर उद्यानातून तोडायला बंदी. ती आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग वाळते. त्या वर्षी, २०१६ मध्ये, सगळा डोंगर जांभळा झाला होता आणि मी त्याच वाळणाऱ्या काठ्यांच्या जोरावर आराखडा केला होता. पुढची कारवी २०२४ मध्ये फुलणार होती. मधली आठ वर्षं भिंत दुरुस्त कशाने करायची, याचं उत्तर माझ्या सुंदर मॉडेलमध्ये नव्हतं. ते काम पुढे गेलं नाही आणि गेलं नाही ते बरं झालं.

कान्हेरी मी शाळेच्या सहलीत पाहिली होती. २०१८ मध्ये पुन्हा गेले, पट्टी आणि वही घेऊन, चार-पाच खेपा. बोरिवलीच्या दारातून आत गेलं की उपनगरातली सगळ्यांत जुनी सामुदायिक वास्तू तिथे आहे, हजार वर्षांहून जास्त काळ वापरात राहिलेली, आणि आपण तिला फक्त सहलीची जागा समजतो. शंभराहून अधिक लेणी. मी मूर्ती, स्तूप बघत नव्हते. लहान विहारांपुढे बसून माणूस आत कसा शिरतो ते बघत होते. आधी दोन-चार पायऱ्या. मग उघडं अंगण, आणि अंगणाच्या कडेला खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. तिथल्या शिलालेखांत त्याला पोढी म्हटलंय, आणि ती पोढी कुणी दान केली तेही कोरलंय. त्यानंतर ओसरी, ओसरीला दगडी बाकं. आणि सगळ्यांत शेवटी अंधारी खोली. पाणी आधी, टेकायची जागा नंतर, भिंती शेवटी. पावसाळ्याचे महिने एका जागी मुक्काम करणाऱ्या भिक्षूंसाठी इथल्या पावसात ही रचना झाली. वर कोरलेल्या पन्हळी पाणी टाक्यात नेतात. एकही थेंब वाया जात नाही आणि ओसरीत येत नाही.

अकरा क्रमांकाच्या लेण्यात, ज्याला दरबार म्हणतात, मी खूप वेळ बसले. मोठं दालन आहे, आणि त्याच्या लांबीभर जमिनीतूनच कोरलेली दोन लांब, बुटकी दगडी बाकं आहेत. वेरूळच्या पाचव्या लेण्यातही तशीच आहेत. ती जेवणासाठी की पठणासाठी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला वाटतं, दोन्हींसाठी असतील. पण मला शिकवलं त्या दालनाने वेगळंच. ते रिकामं नाही. मध्ये हलवता न येणारी दोन बाकं आहेत, तरी पुष्कळ तऱ्हांनी वापरता येतं. मी आयुष्यभर समजत होते की अनेक उपयोगांसाठी जागा मोकळी ठेवावी. इथे कुणीतरी नेमकं ठरवून, एक उंची, एक रुंदी, एक अंतर पक्कं करून ठेवलं होतं, आणि त्या पक्केपणामुळेच माणसांना तिथे बसून निरनिराळी कामं करता येत होती. मागच्या कोपऱ्यातली ती पट्टीही तशीच पक्की होती. तिच्या उंचीत तिचा सगळा उपयोग होता. सहा इंच कमी असती तर तिच्यापाशी कुणी थांबलं नसतं.

राळेगणसिद्धीला १९७५ मध्ये अण्णा हजारे परतले तेव्हा त्यांनी कामाची सुरुवात यादवबाबांच्या पडक्या मंदिराच्या दुरुस्तीने केली, हे मी अनेक वर्षं गोष्ट म्हणून सांगत आले होते. त्यातलं आर्किटेक्चर मला कान्हेरीनंतर दिसलं. माणसं आधीच जिथे टेकत होती, ती जागा त्यांनी नीट केली.

२०१९ च्या ऑक्टोबरात आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात झाडं तोडली गेली. त्या दिवसांत पाड्यातली माणसं रोज जमत होती. उंबराखाली, वाघोबापुढे, दाटीवाटीने. मीही एका संध्याकाळी त्यांच्यात होते. तीस फुटांवर माझं सभागृह होतं, शटर बंद. आत जाऊ या असं कुणाच्या मनातही आलं नाही. सगळ्यांनी मिळून बोलायची वेळ, जिच्यासाठी अशा वास्तू बांधतात, ती खरोखर आली होती. मी सभा ऐकत होते आणि त्या शटरकडे बघत होते.

त्यानंतर मी निधीवाल्यांकडे गेले, की ही इमारत मोडून नीट करायची आहे. त्यांचं म्हणणं, एकदा झालेल्या कामावर पुन्हा खर्च कशाला. त्यांच्या बाजूने ते चूक नाही. मग मधली करोनाची दोन वर्षं गेली. २०२१-२२ च्या हिवाळ्यात पाड्यातल्या लोकांनी आणि मी मिळून, एका ओळखीच्या फॅब्रिकेटरच्या मदतीने, थोड्या-थोड्या पैशांत काम केलं. शटर काढलं. पुढची भिंत पूर्ण काढली आणि पत्रा पाच फूट पुढे ओढून खाली पडवी केली, तिला बसायला सोळा इंचांचा ओटा. व्यासपीठ तोडलं. मागे आठ बाय आठची एक खोली भिंत घालून वेगळी केली. तिला कुलूप आहे आणि तीन किल्ल्या आहेत. आत बचत गटाची भांडी, बालवाडीची पेटी, ताडपत्री. बाकी इमारतीला दारच नाही. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्या ठोकल्या, आता पावसात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येतं. पाण्याचा नळ आतून काढून पुढच्या अंगणात आणला. दोन दिवे, तेही वाटेकडे तोंड करून. झाडं लावली नाहीत. लाद्या तशाच आहेत, पैसे पुरले नाहीत, आणि मुलं पावसात त्यावर घसरतात. तो माझा दोष अजून तिथे आहे.

दर्शनी भिंत पडली तेव्हा तिच्यावरची चित्रंही गेली. नवीन काढायची का, असं या वेळी मी विचारलं. बायका आपसांत हसल्या आणि नको म्हणाल्या.

मागच्या कोपऱ्याचं काम मात्र मी कुणावर सोपवलं नाही. एकच उंची सगळ्यांना पुरत नाही हे मी पाहिलं होतं. ठेंगण्या बाईला टाचा उंचवाव्या लागतात, उंच बाईला फार वाकावं लागतं. उताराच्या बाजूने तीन कट्टे करायचे ठरवलं. एका रविवारी दुपारी बायका आपापल्या भरलेल्या पाट्या घेऊन आल्या आणि अनवाणी भिंतीशी उभ्या राहिल्या. मी कोळशाने खुणा केल्या. पाटी उतरवताना खांदा कुठे येतो, पुन्हा घेताना गुडघा किती वाकतो, एकेकीचं दोनदा. भिंतीवर सतरा रेघा झाल्या. त्यांतून तीन उंच्या निघाल्या: तीन फूट दहा इंच, चार फूट एक, चार फूट पाच. सगळ्यांत बुटका कट्टा २०१५ च्या त्या आजीच्या मापाने केला. ती रेघ काढताना तिने माझा खांदा धरला होता.

गेल्या श्रावणात गेले होते. कारवी येऊन गेली होती, डोंगर पुन्हा हिरवा होता. पडवीत बालवाडी चालू होती, ओट्यावर दोन म्हातारे सुपारी कातरत बसले होते. मागे गेले तर बुटक्या कट्ट्याच्या पायाशी कुणीतरी एक सपाट दगड आणून ठेवलेला, वीतभर जाडीचा. आजी तिथेच होती. तीन वर्षांत ती बरीच वाकली आहे. आता ती आधी दगडावर चढते, मग पाटी सरकवते. पाटीही लहान झाली आहे.

मी दगडावर पाय ठेवून पाहिला. तो डुगडुगत होता. म्हटलं, ‘आजी, पुढच्या खेपेला गवंडी घेऊन येते, सिमेंटने बसवून देते.’

‘राहू दे,’ ती म्हणाली. ‘सकाळी तिकडच्या कट्ट्याला नेतात तो.’